जेसी पबमध्ये जाते

पूर्वी ग्लासगोत कुणी दार वाजवत नसे, सरळ आत येई. साथीच्या त्या सप्टेंबरात मात्र दुसऱ्याच्या घरी जायलाच बंदी होती. बेकरीच्या रांगेत नेटा आणि आयना माझ्यापुढे होत्या.

“माझ्या बहिणीच्या, जेसीच्या स्वयंपाकघरात बसायचं नाही, पण पबमध्ये बसलं तर चालतं! हा कुठला न्याय गं, नेटा?”

“घरात माणसं सैलावतात, आयना. माझा नवरा विली पुतणीच्या घरच्या वाढदिवसापायीच गेला ना?”

“पण जेसीनं उभ्या जन्मात पबची पायरी चढली नाही. वडिलांना शब्द दिलाय तिनं.”

“मग?”

“उद्या नेतेय तिला. म्हणाली, ‘डोळे मिटायच्या आत तुला बघायचंय. वडिलांची समजूत मी वर जाऊन घालीन.’”

“खिडकीजवळचं टेबल घे, आयना. आणि खिडकी उघडायला लाव.”