मोजणारीने स्क्रीनकडे पाहिले

नाव: ओळखपत्राप्रमाणे, प्रत सोबत जोडली आहे. वय: ४९ वर्षे. व्यवसाय: परिचारिका, तातडीचा विभाग, नोकरीस २४ वर्षे पूर्ण. राहणार: दवाखान्यामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, उलट सांगू नका असे बजावले असताना, जबाब देते की,

मंगळवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी शिवणकाम करणारे ५८ वर्षांचे गृहस्थ आमच्याकडे आले. सोबत पत्नी व मुलगा होते. गृहस्थ चालत आले, पण दम लागत होता. ११ वाजून २६ मिनिटांनी कॉटवर बसता बसता कोसळले. नाडी लागेना. ब्रदरने, म्हणजे पुरुष परिचारकाने, छाती दाबायला सुरुवात केली. ड्यूटीवर धाकट्या डॉक्टर होत्या. त्यांना नोकरी लागून सात महिने झाले आहेत. पत्नी व मुलाला पडद्याबाहेर उभे केले.

मुलाच्या तक्रारीत लिहिले आहे की, डॉक्टर चार वेळा "थांबा" म्हणाल्या, प्रत्येक वेळी सगळ्यांनी हात काढले आणि वडिलांना तसेच टाकून टीव्ही बघत बसले. मुलगा खोटे बोलत नाही. त्याने जे ऐकले तेच लिहिले. पण आमच्याकडे "थांबा" म्हणजे आशा सोडा असे नव्हे. दर दोन मिनिटांनी हात क्षणभर उचलायचे, हृदय आपणहून चालते का ते बघायचे आणि लगेच पुन्हा दाबायला लागायचे, एवढाच त्याचा अर्थ. हे त्याला पडद्याबाहेर येऊन कोणीतरी सांगायला हवे होते. कोणी सांगितले नाही, मीही नाही. याचे मला वाईट वाटते.

टीव्ही म्हणजे सोनोग्राफीचे यंत्र. ते प्रसूती विभागातून मी मागवले. पुन्हा सांगते, मी. गृहस्थांच्या मानेच्या शिरा टम्म फुगल्या होत्या, ते मला बरे दिसेना. विभागातल्या मावशी यंत्र आणायला गेल्या तेव्हा तिकडे तपासणीसाठी झोपलेली बाई म्हणाली, "अहो, माझं बाळ बघून तरी होऊ द्या." मावशी म्हणाल्या, "तुझं आतच आहे गं, कुठं जात नाही. तिकडचं माणूस चाललंय." आणि यंत्र ढकलत घेऊन आल्या.

यंत्र वापरायची आमची रीत अशी. दाबणे चालू असतानाच डॉक्टर यंत्राची मूठ बरगड्यांच्या खाली धरून तयार राहतात. "थांबा" म्हटले की हात उचलतात. आमच्यातली एक मोठ्याने दहापर्यंत मोजते. दहा म्हटले की हात परत छातीवर, चित्र मिळो न मिळो. यंत्रात त्या चित्राची फीत, म्हणजे रेकॉर्डिंग, उतरलेली असते, ती दाबता दाबता बघायची. मोजणारीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, स्क्रीनकडे नाही. हा नियम मीच नव्या मुलींना शिकवते.

पहिल्या वेळी यंत्र आलेले नव्हते. दुसऱ्या वेळी मी नऊ म्हणेपर्यंत हात परत गेले. फितीत हृदयाभोवती काळे कडे दिसले, म्हणजे आवरणात रक्त साठून हृदय आवळले गेले होते. यंत्र नसते तर हे बाहेरून कोणाला कळणार होते? धाकट्या डॉक्टरांनी चित्र बघत सुई घातली आणि रक्त ओढून घेतले.

तिसऱ्या वेळी चूक झाली, ती माझी आहे. मी मोजत होते. सहा म्हटले आणि माझी नजर स्क्रीनवर गेली. हृदय हलत होते. अगदी थोडेसे, झोपलेल्याची पापणी हलावी इतकेच. मी मोजायची थांबले. मग भानावर येऊन पुढे सात म्हटले. बाकीच्यांना वाटले सातच झाले. डॉक्टर माझ्या आवाजावर विसंबून होत्या आणि तसेच विसंबायचे असते. फितीवरच्या वेळेप्रमाणे त्या खेपेस हात सतरा सेकंद बाजूला होते.

चौथ्या वेळी नाडी हाताला लागली. ११ वाजून ३५ मिनिटे. गृहस्थांना वरच्या मजल्यावर नेले. दुपारी पत्नीने हाक मारली तेव्हा त्यांनी तिचे बोट धरले, हे वरच्या सिस्टरने नोंदवले आहे. ४ वाजून १० मिनिटांनी ते गेले. हृदयाची भिंत आधीच फाटली होती असे वरच्या डॉक्टरांनी लिहिले आहे.

आज सकाळी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. म्हणाले, "यंत्राचा विषयच काढू नका. निघालाच तर डॉक्टरबाईंनी परस्पर आणलं म्हणा. तुमची चोवीस वर्षं नीट गेलीत, कशाला अंगावर घेता?" मी विचारले, फितीचे काय? ते म्हणाले, "मेमरी भरली की पुसतातच." नोकरीला सात महिने झालेल्या मुलीवर खापर फोडून माझी चोवीस वर्षे राखायची मला गरज नाही. फितींची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन आज हजर केली आहे. पावती द्यावी.

हवालदारांनी विचारले की, सतरा सेकंदांमुळे मृत्यू झाला काय. मला माहीत नाही. नाही असे म्हणाले तर माझी सोय होईल, म्हणून म्हणणार नाही. यंत्रामुळे झाला काय, असेही विचारले. नाही. यंत्रामुळे त्यांच्या पत्नीला ती दुपार मिळाली. उद्या असाच पेशंट आला तर मी यंत्र पुन्हा मागवीन आणि मोजायला भिंतीकडे तोंड करून उभी राहीन. नोकरीवर असले तर.

हवालदारांनी सुचवले की, सतराच्या ऐवजी "काही सेकंद" लिहू, तुमच्याच भल्याचे आहे. मी नकार दिला. आकडा अक्षरातही लिहून घेतला.

मुलगा व त्याची आई बाहेर बाकावर बसले आहेत. जबाब त्यांना ऐकू जाईल असा, दार उघडे ठेवून वाचावा, त्याशिवाय सही करणार नाही, असे मी सांगितले. तशी पद्धत नाही असे उत्तर मिळाले. मी बसून राहिले. वीस मिनिटांनी दार उघडले.

वरील मजकूर खड्या आवाजात वाचून झाला. सतरा या आकड्यापाशी हवालदारांचा आवाज खाली गेला, तेवढे वाक्य मी उभी राहून स्वतः वाचले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, एक शब्द कमी नाही. बाकावरून कोणी उठून गेले नाही. खाली माझी सही आहे.