आईची सोंड

बसच्या रांगेत प्राणिसंग्रहालयातला म्हातारा माहूत आणि तिथली डॉक्टरीण बोलत होती. मागे तान्हं बाळ घेतलेली बाई कान देऊन ऐकत होती.

“माणसाच्या अंगावर नागीण उठते ना, त्याच जातीतला विषाणू, काका. त्यानेच हत्तीचं पिल्लू नेलं.”

“पण मेला आत शिरला कसा?”

“पेशीच्या अंगावर साखरेची बारीक लव असते. आधी तिच्यात नुसता अडकतो. मग आत जायची कडी सापडली, की संपलंच.”

“आणि आला कुठून?”

“बहुधा आईच्या सोंडेतून. तिला स्वतःला काही होत नाही.”

“अहो, पिल्लू घाबरलं की मीच त्याला तिच्यापाशी सोडायचो. तिने सोंड फिरवली की गप्प व्हायचं.”

“तुम्हाला कुठून माहीत असणार, काका.”

“अजून फिरवते हो. रिकाम्या गवतावर.”

बाईने बाळाच्या गालापाशी नेलेले ओठ तसेच मागे घेतले.