राखेच्या तळ्याचं फाटक

जबाब
कौंटी शेरीफ कचेरी, हॅरो लँडिंग

मी डार्लीन ऑस्ट्रँडर, वय ६१ वर्षे, धंदा मेंढीपालन, राहणार जुना सरोवर रस्ता, हॅरो लँडिंग, न्यूयॉर्क राज्य. कचेरीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. सोबत पिप नावाची एक कुत्री आहे आणि मेंढ्या आहेत, पूर्वीपेक्षा कमी. माझी धाकटी बहीण मार्सी ऑस्ट्रँडर ही रस्त्याच्या पलीकडे राहते. तिच्याशी माझं भांडण नाही. डेप्युटी बॅबकॉक यांनी हे दोनदा विचारलं म्हणून दोनदा सांगते की भांडण नाही.

मार्सी बरीच वर्षं शहरात एका दंतवैद्याकडे फोन घ्यायच्या नोकरीला होती. नवऱ्याशी फारकत घेऊन गावी परतली, तेव्हा मेंढीचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे एवढंच तिला ठाऊक होतं. सुरुवातीच्या मेंढ्या तिला मी दिल्या. अडलेलं कोकरू आत हात घालून कसं फिरवायचं, खुर कसे कापायचे, जंताचं औषध कसं पाजायचं, सगळं मी शिकवलं. हे नोंदीत यावं, कारण पेपरात आलं नाही.

सरोवराच्या काठी कोळशाचं वीजघर होतं. आमचे वडील तिथे कोळसा उतरवायच्या कामावर होते. धुराडं काळं ओकायला लागलं की आई दोरीवरचे कपडे ओढून घरात आणायची. पुढे राज्याचा कायदा झाला, वीजघर बंद पडलं आणि त्या जमिनीवर सौर कंपनीनं पॅनेल उभारायचं ठरवलं. जळालेल्या कोळशाची राख मात्र तिथेच राहिली. खालच्या अंगाला तिचं तळं आहे, वरून सुकलेलं, आतून लापशी. भोवती जाळीचं कुंपण, एक फाटक आणि कवटीचं चित्र असलेली धोक्याची पाटी आहे. पुढच्या वर्षी उपसणार, असं कंपनी दर वर्षी सांगते.

पॅनेलच्या सुनावणीला गाव जमला होता. मी उभी राहून विरोधात बोलले. राख आधी काढा, मग काचा लावा, असं बोलले. ते बरोबरच होतं आणि आजही बरोबर आहे. तेवढ्यावर बसले असते तर बरं झालं असतं. पण टाळ्या पडल्या आणि मला चेव चढला. माझी एकही मेंढी त्या काचांखाली तोंड घालणार नाही, असं मी सगळ्यांच्या देखत म्हणून बसले. त्यानंतर महिना झाला नसेल, कंपनीनं जाहीर केलं की पॅनेलखालचं गवत यंत्रानं कापण्यापेक्षा मेंढ्यांकडून चरवून घ्यायचंय, कुणाची तयारी आहे का.

मार्सी त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली होती. आपण दोघी मिळून घेऊ, तुझा अनुभव, माझी लिखापढी, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हणाले की मी थुंकलेलं चाटत नाही. ती म्हणाली, बघ बाई. मी बघितलं. काम तिला एकटीला मिळालं.

मला त्याचं काही वाटलं नाही. पेपरात फोटो आला, पॅनेलच्या रांगेत बसलेली मार्सी, मांडीवर कोकरू. ते कोकरू माझ्या मेंढीच्या नातीचं होतं. तोंडावरचा काळा ठिपका कुणीही ओळखेल. खाली लिहिलं होतं, स्वच्छ उजेडाची मेंढपाळ. राज्याचे कोणी ऊर्जाखात्याचे अधिकारी येऊन तिच्याशी हात मिळवून गेले. शाळेची मुलं बसनं आली. शनिवारच्या बाजारात तिचं दुकान माझ्या शेजारी असतं. मेंढ्यांची जात तीच, लोकर तीच. तिनं लोकरीच्या लडीवर सूर्याचं चित्र असलेली चिठ्ठी लावायला सुरुवात केली, तर तिच्यापुढे रांग आणि माझ्यापुढे ऊन. चिठ्ठीवर सूर्य काढल्यानं मोजे जास्त गरम होतात का, असं मी एका बाईला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, तुम्ही मार्सीच्या बहीण ना? मी थोरली आहे. साठ वर्षं या गावात मला माझ्या नावानं ओळखत होते.

पिपचं विचारलं म्हणून सांगते. पिप माझी कुत्री आहे. पिल्लू असल्यापासून मी तिला मेंढ्या वळायला शिकवलं. माझ्याकडे मेंढ्या कमी झाल्या, काम उरलं नाही, तशी ती सकाळी दार उघडलं की रस्ता ओलांडून मार्सीकडे पॅनेलमध्ये कामाला जायला लागली. मार्सी तिला बोलावत नव्हती, हे खरं आहे. उलट दोनदा परत आणून सोडली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अगं, राहू दे ना, तिलाही करमतं." मी रोज सकाळी तिला आणायला जायचे. माणसं जातात ते एक समजू शकते, पण कुत्रीसुद्धा?

घटनेच्या दिवशी, म्हणजे गेल्या मंगळवारी सकाळी, मी अशीच पिपला आणायला गेले. मार्सी वरच्या टोकाला पाण्याच्या टाकीशी होती, माझ्याकडे पाठ होती. मेंढ्या मधल्या रांगांमध्ये चरत होत्या. पिप सावलीत बसून त्यांच्यावर नजर ठेवून होती. त्या वेळी राखेच्या तळ्याच्या आतून कंपनीची पांढरी गाडी बाहेर आली. तळ्याच्या पाण्याचे नमुने घेणारा माणूस तीत होता. त्याला नावानं ओळखत नाही, पण पाहिलं तर दाखवीन. एका हातात फोन, दुसरा हात स्टिअरिंगवर. स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्यानं मला रामराम केला आणि निघून गेला. खाली उतरून फाटक लावलं नाही. फाटक सताड उघडं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी शीळ घातली. पिपनं मान वर केली, आधी मार्सीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कंटाळत उठून आली. मी गवताच्या गठ्ठ्याची सुतळी तिच्या गळ्यात अडकवली. तिथून फाटक पन्नासेक पावलांवर असेल. मी त्याच्याकडे पाहिलं. पिपला घेऊन घरी आले, तिला कोठारात कोंडलं आणि कॉफी टाकली.

कॉफी संपायच्या आत अग्निशमन दलाचा भोंगा वाजला. पिप कोठारात दार खरवडत होती. मी बाहेर आले तर हार्वे ड्रमंडची गाडी पॅनेलकडे जाताना दिसली. तो दलात आहे. मी पळत गेले. तळ्याच्या कडेला नवं हिरवं गवत उगवलं होतं. त्याला भुलून मेंढ्या आत शिरल्या होत्या आणि पापुद्रा फुटून खचल्या होत्या. त्यांना ओढायला मार्सी आत उतरली होती. ती कमरेच्या वर रुतली होती. एका मेंढीचं डोकं तिनं काखेत धरून वर ठेवलं होतं आणि ती मेंढी केव्हाच मेली होती. हे तिला कुणी सांगत नव्हतं.

दलाच्या लोकांनी फळ्या आणि शिडी आडवी टाकली, तिच्या काखेखालून दोर बांधला. दोर ओढणाऱ्यांत मी होते. माझ्या हाताची सालं निघाली, डेप्युटी साहेबांना दाखवली. ती बाहेर आली तेव्हा पापण्यांपासून बुटांपर्यंत राखेची झाली होती. एक बूट आतच राहिला. तिनं मला पाहिलं आणि पहिलं विचारलं, "पिप कुठेय? सकाळी होती इथं."

मी म्हणाले, "घरी. मी घेऊन गेले."

ती म्हणाली, "बरं केलंस बाई. नाहीतर तीही गेली असती."

वस्तुतः पिप तिथे असती तर एकही मेंढी फाटकापर्यंत गेली नसती. हे मला कळत होतं. मार्सीलाही कळायला हवं होतं, मी तिला शिकवलंय. मी दोर गुंडाळत राहिले.

त्यानंतरचं सर्वांना माहीत आहे. नऊ मेंढ्या मेल्या. उरलेल्या त्या तळ्याचं पाणी प्यायल्यात म्हणून राज्याच्या पशुवैद्यांनी कळप अडकवून ठेवला आहे. मार्सीच्या पायांना फोड आलेत. कंपनी म्हणते, आमच्या माणसानं फाटक लावलं होतं, बाईंनीच उघडलं असणार. तिचं काम काढून घ्यायचं ठरलंय आणि मेंढ्याच नकोत, यंत्रानं गवत कापू, असंही चाललंय. राख मात्र अजून तिथेच आहे. आणि मार्सी स्वतःवर घेऊन जो भेटेल त्याला सांगत सुटली आहे, "फाटक मीच उघडं टाकून विसरले असेन, माझं लक्ष नव्हतं." पोस्टात सांगते, चर्चमध्ये सांगते. काल माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगत होती. म्हणून मी आज आपणहून कचेरीत आले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

फाटक उघडं दिसलं तर लावलं का नाही, असं विचारल्यावरून सांगते की, आमच्या भागात दुसऱ्याच्या रानात गेलं की फाटक जसं दिसेल तसं सोडायचं असतं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. मालकानं जनावरं पाण्यावर यावीत म्हणून उघडं ठेवलेलं असतं, आपण लावलं की जनावरं तहानेनं मरतात. हे इथं पोराटोरांना माहीत असतं. वडिलांनी आम्हा दोघींना हेच शिकवलं. मी नियमाप्रमाणे वागले.

यावर डेप्युटी बॅबकॉक यांनी लेखणी खाली ठेवली. ते पलीकडच्या खोऱ्यातल्या दूधवाल्यांच्या घरातले आहेत. ते म्हणाले, "डार्लीन, तो नियम कुरणाच्या फाटकाला. कवटीची पाटी लावलेल्या फाटकाला नाही. तुला माहीत आहे ते."

मला माहीत होतं. मला तेव्हाही माहीत होतं. हेही लिहा, असं मी त्यांना सांगितलं.

मग का लावलं नाही, असं विचारल्यावरून सांगते की, मेंढ्या मराव्यात असं माझ्या मनात नव्हतं. त्या माझ्याच मेंढ्यांची पिलावळ होत्या. एखादी आत जाईल, चिखलानं भरेल, मार्सीची धावपळ होईल, कंपनीचा माणूस येऊन चार शब्द सुनावेल, एवढंच डोक्यात होतं. तिचं सगळं बरोबर चाललं होतं. मला एकदा तरी तिचं चुकलेलं बघायचं होतं. मी जळत होते. दुसरा शब्द सुचत असेल तर तो लिहा, मला सुचत नाही.

तरी फाटक मार्सीनं उघडलं नाही आणि उघडं सोडलंही नाही. ते कंपनीच्या माणसानं सोडलं आणि मी पाहून तसंच राहू दिलं. तिचं यात काही चुकलेलं नाही. कोर्टात सांगायची वेळ आली तर असंच सांगेन.

वरचा मजकूर डेप्युटी साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. जळत होते हा शब्द ठेवायचा का, असं त्यांनी विचारलं, मी ठेवा म्हणाले. बाकी सगळं मी बोलले तसंच उतरलं आहे, कुणी धाक घातलेला नाही. याची एक प्रत कंपनीला आणि एक मार्सीला जाणार, हे मला समजावून सांगितलं. मार्सीची प्रत टपालानं पाठवू नका, माझ्याजवळ द्या, असं मी सांगितलं आहे. माझी गाडी दुरुस्तीला टाकलेली आहे, म्हणून फोड आलेल्या पायांनी तीच मला इथं घेऊन आली. ती बाहेर गाडीत बसली आहे. बहीण आपल्या बाजूनं दोन शब्द बोलायला आली, म्हणून ती सकाळपासून माझे आभार मानते आहे.

सही : डार्लीन ऑस्ट्रँडर
समक्ष : डेप्युटी बॅबकॉक