माझे सहा वर्षांचे आकडे

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे डॉक्टर भाविकभाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या लॅबच्या निशिगंधाताई, आणि जेवणाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या डहाणूकर मंडळींनो,

मी सदानंद राऊत. चिकूची वाडी, शिक्षण सातवी, भीती मात्र पदवीपर्यंतची. ढेकर आला की मला वाटतं जठर गेलं. म्हणून सहा वर्षं दर महिन्याला मी लॅबच्या खिडकीशी बाही वर करून उभा.

"काका, काय तपासू?"

"यादीत असेल ते सगळं."

मला पाहिलं की भाविकभाई मागच्या दाराने चहाला जात. नाही म्हणू नका डॉक्टर, मी पाहिलंय.

गेल्या माघात पोट असं दुखलं की मी लादीवर लोळलो. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, तर पोट मऊ, म्हणजे वरून काहीच बिघाड नाही. आमची बायको रंभा म्हणाली, "यांचं दर महिन्याचंच आहे, गोळी द्या." रक्तात एलडीएच नावाचा पदार्थ निघाला सहाशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, "सॅम्पल बिघडलं असेल." ताईंनी पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेवढंच. मग त्यांनी माझे जुने रिपोर्ट काढले, तब्बल बहात्तर.

"सर, शरीरात कुठेही इजा झाली तरी हा वाढतो, मान्य. पण काकांचा कधी दोनशेच्या वर गेला नाही. आणि पोट मऊ असताना माणूस इतका विव्हळतो का?"

तासाभरात मी वापीच्या मोठ्या इस्पितळाच्या रस्त्याला. गुठळी अडकून आतड्याचं रक्त बंद झालं होतं, आतडं मरायला लागलं होतं. हातभर कापलं, बाकीचं वाचलं.

तर हसणाऱ्यांना विचारतो, धडधाकट असताना मी रक्त दिलं नसतं, तर ताई तो आकडा कशाशी ताडून बघणार होत्या? रंभा, तूही ऐक.

आता त्यांची बदली तलासरीला. नवे ओंकारभाऊ हुशार असतील, पण माझं नेहमीचं काय आणि बिघडलेलं काय, हे त्यांना कोण सांगणार? या काळजीने आठ दिवस झोप नाही. म्हणून ताई, मी कालपासून उपाशी आहे. या तपासणीला उपास लागत नाही, हे तुम्ही शंभरदा सांगितलंत. तरीपण.

सर्वांचे आभार. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. माझ्या पोटात आता जागा कमी आहे.

ताई, जेवणाआधी एक नळी रक्त घ्या, ओंकारभाऊंच्या देखत. बाही वर केलीच आहे.