पळायचं कारण

आंजीहून वर्धेला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन तरणे मित्र बसले होते. एकाच्या दंडात शर्टाची बाही रुतलेली.

"प्रफुल्ल, रोज सकाळी पळून राह्यला म्हणे तू? बॉडीबिल्डिंगची स्पर्धा तोंडावर आली, अन् सारे मसल उतरवतं का बे?"

"उतरू दे थोडे. वजन बी उचलतोच ना."

"मंग पळाचं काऊन?"

"बाबाले खांदा देल्ला, तं गल्लीच्या मोडावरच धाप लागली मले. खांदा सोडा लागला. शेतात राबणारे काका लोक आरामात चालत होते. पुढं माह्या बाबाले त्याइनंच नेलं."

"जिममधे सगळ्यात जास्त वजन तू उचलतं!"

"जाग्यावर उभा राहून उचलतो गा."

"रडत होता तू त्या दिवशी. रडताना धाप लागतेच."

"नाई. रडलो तं नंतर."

"आता कुठपर्यंत पळतं?"

"स्मशानाच्या फाटकापर्यंत."

"आई विचारत नाई, काऊन पळतं म्हणून?"

"विचारते ना."

"मंग काय सांगतं तिले?"

"स्पर्धा हाय म्हणतो."