पुंजारामच्या विमानाचं इंजिन

—नाही वो बाई, सरकू नका, दोघींले पुरते हा बाक. गाडी लेटच हाय. तं मी काय सांगून राहिली होती — हो, विमान. हासा, हासा. मूर्तिजापूरचा अख्खा बाजार हासला, तुमी एकट्याच काऊन राहता? कोणी बैल घेते, कोणी ट्रॅक्टर घेते, आमचे हे — पुंजारामचे बाबा — विमान घ्याले निघाले. कापसाच्या पऱ्हाटीवर औषध फवाराले. मांगच्या साली आमच्या शिवारावरून फवाऱ्याचं विमान गेलं, अन् ह्यायच्या डोक्यात ते जे घुसलं ते निघालंच नाही. घरचं विमान घेऊ, साऱ्या तालुक्याची पऱ्हाटी फवारू. अन् चालवणार कोण? आमचा पुंजाराम. नागपूरले शिकला तो, लायसन हाय त्याच्याजवळ. आज्याचं नाव ठेवलं होतं त्याले — बैलामांगं शोभणारं नाव — अन् पोट्टा निघाला आभाळात.

तं अकोल्याले, शिवणीच्या विमानतळाच्या मैदानावर, एक जुनं विमान विकाऊ होतं. मुंबईकडच्या कोण्या कंपनीचं, उंचावरून जमिनीचे फोटो काढाचं. त्याच्या इंजिनाले टर्बो होता. टर्बो म्हणजे — हे मले पुंजानं चुलीजवळ बसून समजावलं — इंजिनातून जो धूर बाहेर पडते ना, त्याच्याच जोरावर एक पंखी फिरते अन् ते पंखी इंजिनात हवा कोंबते. वर हवा पातळ असते म्हणून. चुलीले फुंकणी तसा इंजिनाले टर्बो. मी म्हणलं, बापा, तू तं पऱ्हाटीच्या शेंड्यावरून जाशीन, तिथं का हवा कमी हाय? तो हासला. पण ह्यायले तो शब्दच आवडला. दिवसभर टर्बो, टर्बो. गड्याले चाय आणाले धाडत तं म्हणत, टर्बो लाव.

पण घ्याच्या आधी कोण्या जाणत्यानं पाहावं का नाही? बैल घेतानी आपण दात पाहतोच. अकोल्याच्या जुन्या शहरात देवमनभाऊ म्हणून हायेत, एअरफोर्समधी इंजिनावरच जिंदगी गेली त्याइची, आता मोटारी दुरुस्त करतात. पुंजानं त्याइलेच बोलावलं. अन् मी — हे मी कोणाले सांगत नाही, तुमी आपल्या बडनेऱ्याले उतरून जासान म्हणून सांगून राहिली — मी आदल्या दिवशी डोळे दाखवाचं निमित्त केलं अन् एकटीच अकोल्याले गेली. मोर्णा नदीच्या पुलावरून, इचारत इचारत, त्याइच्या घरी. त्याइच्या घरच्या, ललिता, मोठी गुणाची बाई. तिनं पाणी देलं, चहा देला. पेली मी. काऊन पाहता अशा? आमच्या सासूबाई असत्या तं त्याइच्या जातीच्या घरचं पाणी पेली म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या आता नाहीत, अन् मले तहान लागली होती. चहा चांगला होता, अद्रक टाकलेला.

मंग म्हणलं, देवमनभाऊ, उद्या इंजिन कसंही निघो, तुमी ते खराब हाय म्हणून सांगा. ते म्हणाले, 'बाई, खराब असलं तं खराब सांगीन. चांगलं असलं तं चांगलं सांगीन.' मी रडली थोडीशी. ललितानं पाठीवर हात ठेवला, पण ते काही बधले नाही. आता तुमी म्हणसान भेली असीन. नाही वो, भ्याची काय गोष्ट हाय? लोकं उडतातच. फक्त पुंजाच्या आधीचे दोन गेले माझे, पाळण्यातच, म्हणून जरा — जाऊ द्या ते.

दुसऱ्या दिवशी सारे शिवणीले. विमान पाहलं तं नवरीवानी, ताजा रंग, उन्हात डोळे दिपत. बाजूले कंपनीचा साहेब, टाय लावून, घाम पुसून राहिला. देवमनभाऊ आले ते सीधे ह्यायच्याजवळ गेले अन् सांगितलं, नत्थुजी पाटील, काल तुमच्या मंडळी घरी आल्या होत्या, इंजिन खराब सांगा म्हणे, मी नाही म्हणलं, पण तुमाले माहीत असलेलं बरं. मले तं वाटलं धरती पोटात घेते तं बरं. ह्यायनं माझ्याकडे पाहलंसुद्धा नाही.

मंग देवमनभाऊ कामाले लागले. पंखा हातानं हळूहळू फिरवला, एकेका सिलिंडरात हवा भरली अन् कान लावून ऐकलं — धरून ठेवते का सोडते. काही धरून होते, काही सुसू करून राहिले, फुटक्या ट्यूबवानी. मंग तेलाची जाळी काढली, तं जाळीत चकचक, पेढ्यावरच्या वर्खावानी. लोहचुंबक फिरवला तं ते चकचक उठून चिकटलं. म्हणजे आतलं पोलाद झिजून तेलात येऊन राहिलं. टर्बोची पंखी बोटानं हलवली, डुगडुग — पडाले आलेल्या दातावानी. अन् तिच्या डब्याले तडा गेलेला, वरून रंग मारलेला. देवमनभाऊ म्हणाले, हे उडून नाही बिघडलं, उभं राहून बिघडलं, पावसाळे काढले यानं मैदानात, आतून गंज खाल्ला. घेऊ नका.

हे म्हणाले, तुमचं तं कालच ठरलं होतं.

झालं. माझ्यापायी त्या भल्या माणसाचं खरं खोटं ठरलं. साहेबानं लगेच इंजिन सुरू केलं. काय तो आवाज, धूळ उडाली, मैदानातल्या बकऱ्या पळाल्या, अन् ह्यायचा चेहरा असा फुलला जसा लग्नात बँड आल्यावर फुलला होता. मले राहवलं नाही. डोक्यावरचा पदर धरून मी मधात गेली अन् त्या आवाजात जिवाच्या आकांतानं सांगितलं, 'खोटं बोलाले म्या सांगितलं होतं, त्याइनं ऐकलं नाही. ते खरं सांगून राहिले.' अन् साहेबानं नेमकं तवाच इंजिन बंद केलं, तं शेवटचं बोलणं साऱ्या मैदानानं ऐकलं.

मंग पुंजा साहेबाले म्हणाला, चला, तुमी बाजूले बसा, एक चक्कर मारून येऊ. तं साहेबाचं पोट दुखाले लागलं. आतापर्यंत तं भजे बरे खाऊन राहिला होता. पुंजानं लोहचुंबक पुसून देवमनभाऊच्या हातात देला अन् म्हणाला, 'बाबा, मी नाही बसत याच्यात.' हे गुपचूप जीपमधी जाऊन बसले. संपलं.

संपलं कायचं. आता नागपूरले दुसरं पाहाले चाललो. हे बिना टर्बोचं, फवाऱ्याचंच हाय म्हणतात. पुंजा कालच गेला, देवमनभाऊ याच गाडीनं अकोल्याहून येऊन राहिले. ह्यायनंच निरोप धाडला त्याइले, दुसऱ्या कोणाले नाही. मले कोणी चल म्हणलं नाही, मीच लुगडं बदललं अन् जीपमधी बसली. या बारीले त्याइले मी काही सांगणार नाही. खराब निघालं तं परत येऊ. पण चांगलं निघालं तं — तं पुंजा वर जाईन, अन् मी खाली उभी राहीन, मान वर करून. घरी बसून कान लावण्यापरीस ते बरं. बरंच असीन, नाही?

हे? हे काय, नळाजवळच्या बाकावर, पेपर तोंडासमोर धरून बसले ते. शिवणीपासून बोलत नाही माझ्यासंग. मीठ कमी असलं तं गड्याले सांगतात, बाईले सांग. एवढी वर्षं संसार केला, कधी असं — उठले वाटते. इकडंच येऊन राहिले का? तुमी तिकडं पाहू नका बाई, गाडीकडे पाहा. काय म्हणाले ते? 'चाय पेतं का वं,' म्हणाले ना? मले म्हणाले?

तुमी जरा चूप बसा बाई.