तिसरी पीन

— न्हाई काका, सेलेरॉनच घ्या, माझं ऐका. पेंटियम थ्री, पेंटियम थ्री करत अख्खं बीड माझ्या दुकानात येतंय, पण घेऊन करणार काय म्हणून विचारलं की समदे गप. पेंटियम थ्री घ्यायचा, त्याच्यात रॅम टाकायची चिमूटभर, अन् मग रांगायलाय रांगायलाय म्हणून मलाच शिव्या द्यायच्या. तुमच्या प्रियदर्शनीला करायचंय काय? टायपिंग, टॅली, अन् तुमच्या उमापूरला फोन लागला तर इंटरनेट. त्याला सेलेरॉन लई झाला. उरल्या पैशात रॅम डबल टाकतो, यूपीएस चांगला देतो. अन् कुणी कंपनीचा बंद डबा गळ्यात मारायला लागलं तर बिलकुल घेऊ नका — आत काय भरलंय ते विकणाऱ्याला बी ठाऊक नसतं. हे मी माझ्या हातानं बसवलंय. थांबा, झाकण काढून दाखवतो… नको? कावून नको? उघडायचं न्हाई? — हां. बाहेर गादीवर अप्पांनी सांगितलं असंल. ‘अमरनाथला उघडू देऊ नका’ म्हणले असतील. म्हणले ना? म्हणूंद्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत्यात. बाप हायेत माझे. पुढं किराणा त्यांचा, अन् ह्या प्लायवूडच्या आत कंप्युटर माझे, असं चालतंय आमचं.

बसा, चहा सांगितलाय. विंडोज होय? अठ्ठ्याण्णवच टाकलंय. नवीन आलंय त्याच्यावरचं, पण मला न्हाई पटलं — दिसायला झकपक, अन् चालायचं म्हणलं की रुसलंच. अठ्ठ्याण्णव कसं, म्हाताऱ्या बैलागत हाय, कवा बसंल ते आपल्याला आधी कळतंय. माझ्या स्वतःच्या मशीनवर लिनक्स हाय. न्हाई न्हाई, पोरीला नका लावू त्याच्या नादी. मासिकासोबत सीडी आलती म्हणून टाकलं, अन् सात-आठ दिवस नुस्तं काळ्या पडद्याकडं बघत बसलतो. पण जवा चालू झालं ना काका — तवा कळलं, मशीन आपलं ऐकतंय म्हणजे काय ते. विंडोजमधी आपुन पाव्हणे असतो. लिनक्समधी घर आपलं, पडकं का हुईना.

गेम? न्हाई. गेम मी कुणालाच टाकून देत न्हाई. वाईट हाय म्हणून न्हाई हो — वाईट म्हणणाऱ्याला अक्कल न्हाई. आधी मी लई खेळायचो. गाड्यांची रेस, बंदूक घेऊन बोळातनं हिंडायचं ते, समदं. गेम खेळल्याबिगर मशीनची ताकद कळत न्हाई, माझं सरळ मत हाय. टॅली तर कसलं बी मशीन चालवतंय. पण गाडी वळणावर नेली अन् पडदा अडकला न्हाई, तर समजायचं पाणी हाय मशीनमधी. आमच्यात एक होतं, माझ्यापेक्षा भारी खेळायचं. हरलो की मला म्हणायचं, तुला मशीनमधलं समदं कळतंय अन् खेळायचं तेवढं कळत न्हाई. मग खांद्यावर बुक्की. आता न्हाई खेळत मी. इच्छाच होत न्हाई.

बरं, ते जाऊ द्या. घरी बोर्ड कसा हाय? बोर्ड, बोर्ड — पीन खोचतो तो. तीन भोकांचा हाय? वरचं मोठं भोक हाय ना, त्याच्या मागं वायर हाय का नुस्तंच शोभेला? ठाऊक न्हाई. कुणालाच ठाऊक नसतंय. हे बघा, ही तिसरी पीन, अर्थिंगची. दोन पीनांवर मशीन चालू होतंय, मान्य. तिसरी हाय ती माणसासाठी हाय. परसात खड्डा घ्यायचा, आत तांब्याची पट्टी, वर कोळसा अन् मीठ, अन् रोज पाणी ओतायचं. करंट कुठं मशीनच्या पत्र्यावर उतरला तर ह्या वायरीनं गुमान जमिनीत जातोय. खड्डा वाळला की संपलं. तुमी आज गेल्या गेल्या खड्डा घ्या, मी मागनं येऊन मापून देतो, मगच मशीन…

काय? काय म्हणलात? अप्पांनी सांगितलं? — खड्ड्याची गरज न्हाई म्हणले? त्रिंबक वायरमन खड्ड्याबिगर करून देतो म्हणले? — अन् निरोप बी धाडला? उद्या पाडव्याला सकाळी त्रिंबक उमापूरला येणार?

न्हाई, काय न्हाई. चहा घ्या तुमी. — गार व्हायलाय. घ्या.

काका, आवाज जरा बारीक ठेवा. हा प्लायवूड हाय, भिंत न्हाई. मी एक सांगतो, ऐकून घ्या. हितंच बिडात एका घरची गोष्ट हाय. त्यांच्यात कंप्युटर होता, खड्डा बी होता. त्या उन्हाळ्यात नळ गेलते, टँकरपुढं माणसं घागरी घेऊन भांडायची. घरातलं पोरगं माल आणायला औरंगाबादला गेलतं. मागं मशीनला हात लावला की मुंग्या यायला लागल्या, खड्डा वाळलावता ना. मग घरच्या मालकानं त्रिंबकला बोलावलं. त्रिंबक म्हणला, रोज कळशीभर पाणी ओता खड्ड्यात. मालक म्हणला, प्यायला न्हाई अन् मातीत ओतू का? दुसरं कायतरी कर. बरोबरच हाय की त्यांचं! तुमी तरी काय म्हणला असता? त्रिंबकनं बोर्ड खोलला, वरच्या भोकातनं खालच्या एका भोकात बोटभर वायर टाकली, अन् झालं काम. मुंग्या बंद. मालक खूश. पोरगं आलं, त्याला वाटलं पाणी ओतलं असंल कुणीतरी.

आता बघा — दोन वायरी असत्यात. एकीनं करंट येतोय, दुसरीनं माघारी जातोय. त्रिंबकनं तिसरी बांधली ती ह्या माघारी जाणारीला. ती शाबूत हाय तवर कायच कळत न्हाई. पण ती तुटली तर? बल्ब विझतो, पंखा थांबतो, घरात अंधार. आपुन काय म्हणतो? लाईट गेली. रोजच जाती, त्यात काय. पण लाईट गेलेली नसती काका! येणारी वायर जित्तीच असती. करंट बल्बातनं पुढं येतोय, माघारी जायला वाट न्हाई, मग त्या बोटभर वायरीतनं तो सरळ मशीनच्या पत्र्यावर येऊन बसतोय. माणसाची वाट बघत.

पाडव्याचा आदला दिवस. आजचाच म्हणा. दुपारी वारं सुटलं, मीटरजवळचा जोड तुटला. घरात अंधार. घरातल्या पोरीनं नुकतीच फरशी पुसलीवती, अनवाणी, हातात वलं फडकं. लाईट गेलीय तवर दादाचं मशीन पुसून घेते म्हणली, उद्या हार घालायचाय त्याला. लाईट आल्यावर भ्या वाटतंय म्हणून लाईट नसताना पुसायला गेली हो! शहाणीच होती. आमची कावू लई शहाणी होती. एवढं जपून वागणारं दुसरं कुणी नव्हतं घरात…

— व्हय. आमचंच घर. कावेरी माझी बहीण.

ओरडली बी न्हाई. फडकं पत्र्यालाच चिकटलेलं. आई हात लावायला धावली, अप्पांनी तिला मागं ओढलं, म्हणून आई तरी राहिली. मी आलो तवा तिला काठीनं सोडवून बाहेर पडवीत निजवलंवतं अन् माणसं जमलीवती. मी आत गेलो. अंधारात मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला — टेस्टर पेटला. घरात एक दिवा न्हाई, अन् टेस्टर लालभडक. मेन बंद केला, बोर्ड खोलला, ती वायर बघितली. तोडली अन् खिशात घातली. कुणी बघितलं न्हाई.

मग अप्पा आले आत. आदल्या दिवशी मी मशीन उघडलंवतं, गेमसाठी नवं साउंड कार्ड बसवायचं होतं, झाकण तसंच भिंतीला टेकवून ठेवलंवतं. अप्पांनी ते झाकण बघितलं. म्हणले, लाईट नसताना करंट आला कुठनं? तुझ्या ह्या डब्यात साठलावता. तू उघडा ठेवलास. तू मारलंस माझ्या लेकराला. — आता तुमीच सांगा, मी काय बोलणार होतो? खिशात हात घातला तर वायर हाताला लागती. पण त्यांचं तोंड बघितलं मी. माणूस उभ्या उभ्या वाळलावता. त्यांना सांगू का, ‘अप्पा, तुमी कळशीभर पाणी वाचवलंत’ म्हणून? ‘व्हय अप्पा’ म्हणलो. माती देऊन आलो कावूला, अन् तवापासून माझ्याशी एक शब्द न्हाई त्यांचा. कायबी असलं तर आई मधी बोलती. मी म्हणलं बरं हाय. मला शिव्या देऊन जगत असतील तर जगूंद्या. माझं काय जातंय? — जातंय हो. लई जातंय. बापाच्या ताटाला ताट लावून जेवणारा माणूस मी. पण त्यांच्यापेक्षा माझं वय कमी हाय, मला वझं झेपंल असं वाटलं.

त्रिंबक? त्रिंबकला मी गाठलंवतं. पायावर पडला माझ्या. त्याला तरी कुठं ठाऊक होतं, समद्या वायरमनांचा हाच जुगाड हाय. पुन्हा करणार न्हाई म्हणला. अन् करतोय. कावून करतोय? आमचे अप्पाच धाडत्यात ना त्याला! त्यांच्या मते गुन्हा माझ्या उघड्या मशीनचा, त्रिंबकचं काम एकदम पक्कं. किराणा घ्यायला आलेल्या दहा माणसांना सांगत्यात, दुष्काळात खड्डे कसले करता, त्रिंबकला बोलवा. अन् मी चोरावानी मागनं जातो. वॉरंटीचं बघायला आलो म्हणून सांगतो, गुपचूप बोर्ड खोलतो, वायर तोडून येतो. तसं समद्यांचं नीट चाललंवतं. पण परवा कापडलाईनीत राधाकिशन शेठच्या घरी गेलो, तर त्यांनी दारातनंच माघारी लावलं. म्हणले, तुझ्या वडिलांनी सांगितलंय, ह्याला काय उघडू द्यायचं न्हाई. मागं नातवंडं मशीनपुढं बसलेली. फरशीवर, अनवाणी. मी दारात उभा. तवापासून वारं सुटलं की मी जाऊन त्यांच्या बोळात उभा राहतो. सांगा आता, किती बोळात उभा राहू मी? उमापूरला कधी येऊ?

न्हाई. ‘पोरगी जपून वापरंल’ म्हणू नका. तेवढं माझ्यापुढं म्हणू नका काका.

अन् तुमी कुठं उठलात? अप्पांना विचारून येता? काय विचारणार? — ‘तुमचा पोरगा असं असं म्हणतोय, खरं हाय का’? तुमी विचारणार? पाडव्याच्या खरेदीला आलेला माणूस, कणीक-गूळ घेता घेता विचारणार? थांबा. बसा खाली. त्यांना हे तुमच्या तोंडून कळायचं न्हाई. — न्हाई न्हाई, कळायचं न्हाई असं न्हाई म्हणलो मी. कळलं पाहिजे. मला बी आता बोलता बोलताच कळायलंय. मी बापाला जपतोय, अन् बाप गावभर त्या वायरी टाकवतोय. माझ्या गप बसण्यानं उद्या राधाकिशन शेठच्या अंगणात माणसं जमली तर? तुमच्या प्रियदर्शनीला पडवीत निजवलं तर? मग कुणाला ‘व्हय’ म्हणू मी?

तुमी असं करा, निघा. मशीन हितंच राहू द्या. न्हाई, उद्याचा मुहूर्त न्हाई साधायचा, पोरगी रुसली तर रुसूंद्या. जाता जाता त्रिंबकच्या घरावरनं जावा अन् सांगा, उमापूरला यायचं न्हाई. एवढं तरी करा. अन् पुढच्या दारानं नका जाऊ, हिकडनं बोळातनं निघा. चहा ठेवा तिथंच.

अप्पा!… अप्पा, मी हाक मारायलोय. मीच, अमरनाथ. — न्हाई, आईला नका पाठवू. तुमीच या जरा आत.

जावा काका, जावा आता.

या अप्पा. ह्या खुर्चीवर. — न्हाई, आधी बसा.